विश्लेषण : शर्टाच्या लेबलातील चिपचा खर्च कोणाचा आणि फायदा कोणाचा?

मोठ्या दुकानातून आणलेल्या शर्टाचे किमतीचे लेबल उजेडासमोर धरले, तर कधी कधी आत नागमोडी चंदेरी रेघ दिसते. तिच्या मधोमध मोहरीच्या दाण्याहून लहान काळा ठिपका असतो. रेघ म्हणजे अँटेना आणि ठिपका म्हणजे चिप. ‘रेडिओ फ्रीक्वेन्सी आयडेंटिफिकेशन’ अर्थात ‘आरएफआयडी’ या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र आता किरकोळ व्यापारात चांगलेच रुजले आहे. अमेरिका आणि युरोपातील बड्या साखळी दुकानांसाठी माल तयार करणाऱ्या भारतीय कारखान्यांपर्यंतही ते पोहोचले आहे. मात्र इथवर यायला त्याला वीस वर्षे लागली. उशीर का झाला, हे पाहिले तर पुढे काय काळजी घ्यायला हवी हेही कळते.

‘आरएफआयडी’ म्हणजे नेमके काय?

मोटारीच्या पुढच्या काचेवरचा फास्टॅग हे याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांवर तो सक्तीचा झाला. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरच्या रीडरमधून रेडिओ लहरी बाहेर पडतात. टॅगची अँटेना त्या लहरींमधूनच अगदी थोडी वीज मिळवते, तेवढ्यावर चिप जागी होते आणि त्याच लहरी किंचित बदलून परत पाठवते. परतीच्या लहरीत टॅगचा क्रमांक असतो. शर्टाच्या लेबलातील टॅगही हेच करतो. दोन्हींचे मूळ तांत्रिक मानक एकच आहे. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा २००५ मध्येच विनापरवाना वापरासाठी खुला करण्यात आला.

दुकानातील कर्मचारी हातातला रीडर घेऊन कपड्यांच्या रांगेतून फिरला, की सेकंदाला शेकडो टॅग वाचले जातात. कपड्याची घडी मोडावी लागत नाही, खोकाही उघडावा लागत नाही.

बारकोड असताना याची गरज काय?

बारकोड २६ जून १९७४ रोजी प्रथम दुकानात वापरला गेला. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ट्रॉय या गावात च्युइंगगमचे एक पाकीट स्कॅनरसमोर धरले गेले आणि गल्ल्यावरचे काम कायमचे बदलले. पण बारकोडला दोन मर्यादा आहेत. तो डोळ्यांसमोर यावा लागतो आणि एका वेळी एकच वाचता येतो. शिवाय नेहमीचा बारकोड वस्तूचा फक्त प्रकार सांगतो. एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या शंभर शर्टांवर एकच बारकोड असतो. ‘आरएफआयडी’ टॅगमध्ये सामान्यतः ९६ बिटचा क्रमांक असतो आणि त्यामुळे प्रत्येक नगाला स्वतंत्र ओळख मिळते. हा शर्ट कोणत्या खोक्यातून आला, कोणत्या दिवशी दुकानात पोहोचला, हे सारे मग नगागणिक सांगता येते.

याचे महत्त्व कळायचे तर दुकानाच्या संगणकातील हिशेब किती बिनचूक असतो, हे पाहावे लागेल. निकोल डेहोरेशियस आणि अनंत रामन या अभ्यासकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात एका मोठ्या कंपनीच्या ३७ दुकानांतील सुमारे ३ लाख ७० हजार नोंदी तपासल्या होत्या. त्यांतील ६५ टक्के नोंदी चुकीच्या निघाल्या. संगणक एक आकडा सांगत होता आणि फडताळावर भलतेच होते.

ही चूक कशी होते? चोरी हे एक कारण. पण तीन वेगवेगळ्या वासांचे साबण गल्ल्यावर आले असता एकच साबण तीनदा स्कॅन करणे, माल चुकीच्या कप्प्यात ठेवणे, खोक्यात २४ ऐवजी २३ नग येणे, अशी साधी कारणेही तितकीच असतात. परिणाम मात्र महागात पडतो. संगणकात ४० नंबरचे दोन शर्ट शिल्लक दिसतात म्हणून नवे मागवले जात नाहीत. प्रत्यक्षात एकही नसतो. ग्राहक येतो, विचारतो आणि निघून जातो. ती न झालेली विक्री कुठल्याच वहीत लिहिली जात नाही.

ही कल्पना आली कुठून?

रेडिओ लहरींनी वस्तू ओळखण्याचे तंत्र दुसऱ्या महायुद्धातील विमाने ओळखण्याच्या यंत्रणेपर्यंत मागे जाते. दुकानासाठी त्याचा गंभीर विचार सुरू झाला तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस. ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’ कंपनीत सौंदर्यप्रसाधनांचे काम पाहणाऱ्या केव्हिन अ‍ॅश्टन यांच्या लक्षात आले, की लिपस्टिकची एक छटा गोदामात असूनही दुकानात सतत संपलेली असते. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ‘ऑटो-आयडी सेंटर’ सुरू झाले. अ‍ॅश्टन यांच्याबरोबर त्यात संजय सरमा आणि डेव्हिड ब्रॉक हे संशोधक होते. सरमा हे आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी.

त्यांची युक्ती साधी होती. टॅगवर वस्तूची सारी माहिती साठवायची तर चिप मोठी आणि महाग होते. म्हणून टॅगवर फक्त क्रमांक ठेवायचा आणि बाकीची माहिती संगणकाच्या जाळ्यात. टॅग पाच सेंटपर्यंत स्वस्त करण्याचे उद्दिष्ट त्यातूनच पुढे आले. कोणत्याही कंपनीचा टॅग कोणत्याही रीडरला वाचता यावा यासाठीचे ‘जेन-२’ हे मानक डिसेंबर २००४ मध्ये मंजूर झाले.

वॉलमार्टचा पहिला प्रयत्न का फसला?

जून २००३ मध्ये वॉलमार्टने आपल्या शंभर बड्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पर्यंत खोक्यांना आणि पॅलेटना टॅग लावण्यास सांगितले. जगातली सर्वात मोठी किरकोळ व्यापार कंपनी सांगते म्हटल्यावर बारकोडचे दिवस संपले, असे अनेकांना वाटले. तसे झाले नाही.

तांत्रिक अडचणी होत्याच. पाणी या लहरी शोषून घेते आणि धातू त्या परतवून लावतो. म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचा खोका किंवा तेलाचे डबे वाचताना रीडर गोंधळतो. पण खरी अडचण हिशेबाची होती. टॅगचा खर्च पुरवठादाराने करायचा आणि फडताळ भरलेले राहण्याचा फायदा दुकानाने घ्यायचा, अशी ती रचना होती. अर्कान्सा विद्यापीठाने २००५ मध्ये केलेल्या अभ्यासात टॅग वापरणाऱ्या वॉलमार्ट दुकानांत माल संपलेला असण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. फायदा खराच होता, पण तो दिसत होता दुकानात.

पुरवठादारांनी यावर आपला मार्ग शोधला. कारखान्यात किंवा गोदामात टॅगचा काहीही उपयोग न करता, वॉलमार्टला जाणारे खोके ट्रकमध्ये चढवण्याआधी त्यांच्यावर टॅग चिकटवायचे आणि माल रवाना करायचा. हुकूम पाळला गेला, कामाची पद्धत जुनीच राहिली. २००८ मध्ये वॉलमार्टच्याच ‘सॅम्स क्लब’ने टॅग नसलेल्या पॅलेटमागे किमान दोन डॉलर आकारण्याचे जाहीर केले. दंडाचा धाक दाखवूनही गाडी फारशी पुढे सरकली नाही.

मग कपड्यांत ते का जमले?

कापडातून रेडिओ लहरी सहज पार होतात. एका शर्टाची सहा मापे आणि पाच रंग म्हटले की तीस प्रकार झाले. त्यांतला एखादा नाही म्हणून ग्राहक परत जातो, ही कपड्यांच्या दुकानाची रोजची डोकेदुखी. शिवाय वस्तूची किंमत टॅगचा खर्च सोसण्याइतकी असते. ब्रिटनच्या ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ने २००३ मध्येच पुरुषांच्या सुटांवर याची चाचणी घेतली होती.

त्याहून महत्त्वाचे कारण मालकीचे आहे. ‘झारा’ ही साखळी चालवणाऱ्या स्पेनच्या ‘इंडिटेक्स’ने २०१४ पासून हे तंत्र सर्व दुकानांत न्यायला सुरुवात केली. चिप बसवली ती चोरी रोखण्यासाठी कपड्याला लावलेल्या प्लास्टिकच्या टॅगमध्ये. हा टॅग गल्ल्यावर काढून घेतला जातो आणि पुन्हा नव्या कपड्याला लागतो. त्यामुळे एका चिपचा खर्च अनेक कपड्यांवर विभागला गेला आणि ती ग्राहकाच्या घरी जाण्याचा प्रश्नही उरला नाही. पुढे हे टॅग मागे घेऊन नवी पद्धत आणण्याचे कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले, पण सुरुवातीचा हिशेब या पुनर्वापरानेच जुळला.

फ्रान्सची ‘डिकॅथलॉन’ आणि जपानची ‘युनिक्लो’ यांचेही तेच. दुकान त्यांचे आणि बहुतांश मालावरचे नावही त्यांचेच. खर्च आणि फायदा दोन्ही एकाच ताळेबंदात दिसत असल्याने निर्णय सोपा झाला. भारतातील डिकॅथलॉनच्या दुकानात टोपलीतला सगळा माल गल्ल्यावरच्या चौकोनी खणात ठेवताच पडद्यावर यादी उमटते, ती याच टॅगमुळे.

कपड्यांत जमले, तसे किराणा मालात का नाही?

मोठ्या खरेदीत आज टॅग चार-पाच सेंटला, म्हणजे साधारण चार रुपयांच्या आसपास मिळतो असे धरू. ८०० रुपयांच्या शर्टावर तो अर्धा टक्का होतो. दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यावर तोच खर्च ४० टक्के.

जपानचा अनुभव याला दुजोरा देतो. तिथल्या पाच मोठ्या दुकान साखळ्यांनी सरकारच्या पुढाकाराने २०१७ मध्ये एक जाहीरनामा काढला. २०२५ पर्यंत वर्षाला शंभर अब्ज वस्तूंना टॅग लावण्याचे त्यात ठरले होते. टॅगची किंमत एका येनपर्यंत खाली यायला हवी, अशी अट त्यात होती. २०२५ उलटले, तरी ते घडले नाही. ताज्या अन्नात मात्र अमेरिकेत काही साखळ्यांनी अलीकडे सुरुवात केली आहे. तिथे कारण वेगळे आहे. मुदत संपत आलेला पाव किंवा मांस वेळीच ओळखता आले, तर वाया जाणाऱ्या मालातून टॅगचा पैसा निघतो.

भारतीय कारखान्यांचा संबंध कुठे येतो?

वॉलमार्टने २०२० नंतर पुन्हा सक्ती आणली, पण या वेळी ती खोक्यांऐवजी नगांवर. आधी कपडे आणि २०२२ मध्ये घरगुती वापराच्या वस्तू, खेळणी, खेळाचे साहित्य, इलेक्ट्रॉनिक्स अशी यादी वाढली. बिछान्यावरच्या चादरी आणि आंघोळीचे टॉवेल त्यात येतात. सोलापूरचा टॉवेल असो, इचलकरंजीचे कापड असो की तिरुपूरचा टी-शर्ट, परदेशातील बड्या साखळीकडे माल पाठवायचा असेल तर टॅग कारखान्यातच लावावा लागतो.

मोठ्या निर्यातदाराला हे पेलते. लहान कारखान्याचे गणित निराळे असते. समजा एका टॉवेलमागे त्याला आठ रुपये सुटतात. चार रुपयांचा टॅग म्हणजे निम्मा नफा. वर टॅगवर क्रमांक भरणारा प्रिंटर, रीडर, सॉफ्टवेअर आणि माणसांचे प्रशिक्षण. टॅगही मनाला येईल तिथून घेता येत नाही. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने मान्य केलेलाच टॅग वापरावा, अशी अट वॉलमार्ट घालते. खरेदीदाराने दर वाढवून दिला नाही, तर हा सारा भार कारखान्यावर आणि अखेर तिथल्या मजुरीवर येतो.

पण पुरवठादाराचा फायदा होऊच शकत नाही, असेही नाही. माल कमी आला म्हणून बिलातून रक्कम कापली जाणे, हे निर्यातदारांचे जुने दुखणे आहे. खोक्यात खरोखर कमी नग होते की तिकडे मोजणी चुकली, हे सिद्ध करणार कसे? ऑबर्न विद्यापीठाच्याच २०१८ मधील अभ्यासात काही बड्या कंपन्यांच्या मालाची तपासणी झाली. बारकोडच्या आधारे पाठवलेल्या ६९ टक्के मागण्यांमध्ये चुका आढळल्या, तर नगागणिक टॅग वाचून पाठवलेल्या मागण्या ९९.९ टक्के अचूक निघाल्या. कारखान्याच्या दारात आणि दुकानाच्या गोदामात वाचलेले आकडे दोघांनाही दिसले, तर वाद मिटतो आणि टॅगचा खर्च पुरवठादारालाही परवडतो. आकडे फक्त खरेदीदाराकडेच राहिले, तर टॅग हा त्याच्यासाठी आणखी एक कर ठरतो.

देशांतर्गत व्यापारात प्रसार मंद का?

भारतातील बहुतेक विक्री किराणा आणि लहान दुकानांतून होते. मालकाला आपल्या फडताळावर काय आहे ते तोंडपाठ असते. त्याच्यासाठी टॅगचा प्रश्नच येत नाही. मोठ्या दुकानांतही अनेक कंपन्यांचा माल एकत्र असतो आणि सर्वांनी एकाच वेळी टॅग लावल्याशिवाय मोजणी पूर्ण होत नाही. शिवाय मजुरी कमी असल्याने रात्रभर माणसे लावून माल मोजणे अजून स्वस्त पडते.

तरीही काही ठिकाणी हे तंत्र स्वतःच्या पायावर उभे राहिले आहे. सराफी पेढ्यांत दागिन्यांना लहान टॅग लावून रोजची मोजणी काही मिनिटांत उरकली जाते. एक अंगठी हरवली तरी नुकसान मोठे असल्याने तिथे टॅगच्या किमतीचा विचार करावा लागत नाही. मालवाहतुकीत २०२१ पासून ई-वे बिल प्रणाली फास्टॅगशी जोडली गेली. म्हणजे भिवंडीच्या गोदामातून निघालेला ट्रक कोणता नाका कधी ओलांडतो हे कळते. ट्रकमध्ये चढलेल्या खोक्यांत किती नग आहेत, हे मात्र अजून चलनावरच्या आकड्यावरून मानायचे.

ग्राहकाच्या खासगीपणाचे काय?

टॅग विक्रीनंतरही चालू राहतो, ही यातली अडचण. २००३ मध्ये इटलीच्या ‘बेनेटन’च्या कपड्यांत चिप शिवली जाणार असल्याची बातमी आली आणि अमेरिकेतील ग्राहक संघटनेने बहिष्काराची हाक दिली. कंपनीला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये केंब्रिजच्या एका ‘टेस्को’ दुकानात ‘जिलेट’ची पाती उचलणाऱ्या ग्राहकाचे छायाचित्र टॅगच्या साह्याने टिपले जात असल्याचे उघड झाले. जर्मनीच्या ‘मेट्रो’ समूहाने ग्राहकांच्या सवलत कार्डात न सांगता चिप बसवली होती. २००४ मध्ये निदर्शने झाल्यावर ती कार्डे परत घेतली गेली.

टॅगमध्ये ग्राहकाचे नाव नसते, हे खरे. पण बिल करताना मोबाइल क्रमांक मागितला जातो आणि तो दिला की नगाचा क्रमांक व्यक्तीशी जोडता येतो. युरोपीय आयोगाने २००९ मध्ये शिफारस केली, की खासगीपणाला धोका असेल तिथे ग्राहकाने स्वतःहून संमती दिल्याशिवाय टॅग गल्ल्यावरच निष्क्रिय करावा. तशी सोय ‘जेन-२’ मानकात आहे. ठरावीक संकेत दिला, की चिप कायमची बंद पडते. भारतात २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा आहे. मात्र त्यात अशा टॅगचा उल्लेख नाही.

यापुढे काय अपेक्षित?

टॅगला स्पर्धाही आहे. २०२७ च्या अखेरपर्यंत जगभरातील गल्ल्यांवर चौकोनी द्विमितीय कोड वाचता यावेत, असे उद्दिष्ट बारकोडचे मानक ठरवणाऱ्या ‘जीएस-वन’ संस्थेने ठेवले आहे. असा कोड छापायला जवळपास काहीच खर्च येत नाही आणि त्यात नगाचा स्वतंत्र क्रमांकही बसतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये लागू केलेल्या नियमांनुसार वस्तूंना टप्प्याटप्प्याने ‘डिजिटल पासपोर्ट’ द्यावा लागणार असून कापडउद्योग त्यात अग्रक्रमाने आहे. त्यासाठी कोड किंवा टॅग, दोन्ही चालू शकतील. म्हणजेच निर्यात करणाऱ्याला नगागणिक ओळख देण्याची तयारी करावीच लागेल.

ती करताना वॉलमार्टच्या पहिल्या प्रयत्नाचा धडा विसरून चालणार नाही. खर्च एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा असेल, तर हुकूम कागदावर पाळला जातो आणि तंत्र खोक्यावर चिकटवण्यापुरते उरते. म्हणून खरेदीदाराशी दर ठरवतानाच टॅगचा खर्च वेगळा दाखवणे आणि मोजणीचे आकडे दोन्ही बाजूंना मिळतील अशी अट करारात घालणे, हे निर्यातदार संघटनांनी एकत्र येऊन करायला हवे. एकट्या लहान कारखानदाराचे परदेशी साखळीपुढे चालणार नाही. टॅगवर क्रमांक भरण्याची सामायिक सोय सोलापूर किंवा इचलकरंजीसारख्या केंद्रांत झाली, तर प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र घ्यावे लागणार नाही. देशातील दुकानांसाठी गल्ल्यावरच टॅग बंद करण्याचा नियम आताच केला, तर तो स्वस्तात होईल. टॅग घरोघरी पोहोचल्यावर तो करणे अवघड जाईल.

शर्टाच्या लेबलातला तो काळा ठिपका माल मोजण्याचे काम चोख करतो. त्याच्या खर्चाची आणि फायद्याची वाटणी मात्र माणसांनाच ठरवावी लागेल. खरेदीदार, कारखानदार आणि सरकार यांनी ती आधीच ठरवून घेतली, तर लहान पुरवठादारही या साखळीत टिकेल.